माझा अंगठा

माझ्यासमोर अगरबत्ती लावली. मी बँकेत काउंटरला उभी होते आणि आतल्या साहेबाने शिपायाला नुसती मानेने खूण केली. मला आधी वाटलं, देवाला लावतायत. भिंतीवर गणपतीची तसबीर होती. पण शिपायाने ती तसबिरीपुढे नाही लावली. काउंटरवर पेनांचा डबा होता, त्यात खोचली. माझ्या तोंडासमोर. दुपारचे बारा वाजले होते.

मागे रांगेतली एक बाई हसली. मी वळून बघितलं नाही.

मी त्या दिवशी मासळी विकून आले नव्हते. पावसाळ्यातली बंदी चालू होती, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. बंदीत मी शेडमध्ये बर्फातली कोळंबी सोलायला जाते, पण त्या दिवशी तिथेही खाडा केला होता. अंघोळ करून, धुवट साडी नेसून, लेकीची पावडर मानेला लावून गेले होते. तरी अगरबत्ती. मग वास कशाला येत होता? माझ्या पासबुकावरच्या पत्त्यात कोळीवाडा लिहिलंय, त्याला येत असणार.

मला माझेच पैसे हवे होते. कर्ज नाही, मदत नाही. मालाडच्या बाजारात पाटी लावून मी चार वर्षं त्या खात्यात थोडे थोडे टाकत आले, नव्या जाळ्यासाठी. आमच्यात मासळी किनाऱ्याला आली की ती बाईची. विकायची तिने, पैसा सांभाळायचा तिने, नवरा बिडीलासुद्धा तिच्याकडेच मागतो. तर जाळं नारळी पौर्णिमेच्या आत घरात यायला हवं होतं. पौर्णिमेनंतर बोट पाण्यात जाते. जाळं नसेल तर व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, आणि एकदा का उचल घेतली की सगळी मासळी त्याच्याच दारात, त्याच्याच भावाने. माझ्या सासूचं अर्धं आयुष्य त्या व्यापाऱ्याच्या दारात गेलं. मला ते नको होतं. एवढीच गोष्ट होती.

साहेबाने छोटं मशीन पुढे सरकवलं. "अंगठा."

ठेवला. लाल दिवा. परत ठेवला. लाल. दुसरा हात, सगळी बोटं. लालच.

"मावशी, हात धुऊन या."

बाहेरच्या नळावर हात धुऊन आले. लाल. "साबणाने धुवा." साबण कुठून आणू? शेजारच्या चहावाल्याकडून मागितला. धुऊन आले. लाल. रांगेतले लोक आता उघड बघत होते. साहेब म्हणाला, "मशीन तुम्हाला ओळखत नाही. आम्ही काय करणार?"

कोळंबीच्या कवचाने, मिठाने, बर्फाने माझी बोटं गुळगुळीत झालीत. तीस वर्षं सोलतेय. कष्टाने हात झिजतो हे लहान पोराला कळतं. बँकेला कळत नाही, की कळूनही समजून घ्यायचं नाही? मला तेव्हापासून प्रत्येक गोष्टीचा संशय येतो.

मी म्हटलं, "मला सही येते. सही घ्या."

त्याने कॉम्प्युटरात बघितलं. "रेकॉर्डला अंगठा आहे."

"पण येते मला सही."

"अंगठेवालीला सही कशी येईल?"

मी पैसे काढायच्या स्लिपवर त्याच्यासमोर पूर्ण नाव लिहिलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव. मी महानगरपालिकेच्या शाळेत सातवी पास आहे. बाई माझी वही वर्गात फिरवायच्या, इतकं अक्षर चांगलं होतं. साहेबाने स्लिप उचलली, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दाखवली आणि म्हणाला, "बघ रे, पाठ करून आलीय."

दोघं हसले. त्या हसण्याने मला जे झालं ते अगरबत्तीनेही झालं नव्हतं. माझं शिकलेलं त्यांनी चोरीचं ठरवलं.

आता माझी चूक सांगते. ती लपवली तर बाकीचंही कोणी खरं मानू नये.

खातं उघडलं तेव्हा बँकेचे लोक आमच्या समाजाच्या हॉलमध्ये आले होते. टेबलावर फॉर्मचा गठ्ठा आणि शाईचा डबा. पेन मागे, त्यांच्या खिशात. माझ्या पुढे सासू होती. तिने अंगठा केला. मग माझा नंबर. तिथल्या माणसाने विचारलंच नाही. माझा अंगठा त्यानेच धरला, शाईत बुडवला, कागदावर दाबला. सही येते, हे शब्द माझ्या तोंडात आले होते. पण सासू बाजूला उभी राहून साडीच्या पदराला शाई पुसत होती. तिच्या अंगठ्यानंतर सुनेने झोकात सही ठोकायची? वाड्यात महिनाभर चर्चा झाली असती, सातवी शिकली म्हणून सासूला कमी लेखते. मी गप्प बसले. आणि त्या दिवशी बँकेच्या लेखी मी निरक्षर झाले. चेकबुक नाही, कार्ड नाही, प्रत्येक वेळी स्वतः हजर राहायचं आणि अंगठा द्यायचा.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. त्यांनी सही नोंदवून घ्यायचा अर्ज द्यायला सांगितला, मी हाताने लिहून दिला. आठ दिवसांनी गेले तर अर्ज सापडत नव्हता. त्यांनी पोच मागितली. पोच म्हणजे काय, तर अर्ज मिळाला असा शिक्का. तो मी घेतलाच नव्हता, आणि त्यांनी दिलाच नव्हता. अर्ज हरवला की हरवून टाकला, मला अजून माहीत नाही. कोणी म्हणालं, बोटांना आराम दे, रेषा परत उमटतात. मी पंधरा दिवस कोळंबीला हात लावला नाही, तेवढी मजुरी बुडाली. रात्री खोबरेल चोळलं. मशीनने लालच दिवा दाखवला.

नारळी पौर्णिमा आली. नवऱ्याने समुद्राला नारळ वाहिला आणि दुसऱ्या दिवशी मी व्यापाऱ्याच्या दारात गेले. पैसे बँकेत असताना. हे मी कधी विसरणार नाही.

सासूने त्या रात्री विचारलं, "तुला सही येत व्हती, तर तवा अंगठा का केलास गो?"

"तुम्ही पुढे होता म्हणून."

ती उठली, जेवलीच नाही.

मग खासदार येणार म्हणून बातमी आली. तोच हॉल. बँकेच्या तक्रारी सांगा, साहेब संसदेत मांडतील, असं त्यांचा माणूस घरोघर सांगून गेला. आम्ही बायका गेलो, पण कोणाचा विश्वास नव्हता. निवडणूक जवळ असल्याशिवाय कोळीवाड्याचा रस्ता कोणाला सापडतो?

खासदार यायच्या आधीच त्या माणसाने टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला. बाजूला शाईचा डबा. "चला मावशी, पटापट अंगठे."

मी कागद उचलला. "वाचायचंय."

"आम्ही वाचलंय ना."

मी मोठ्याने वाचला. बंदरावर एटीएम बसवावं, आणि साहेबांच्या प्रयत्नांबद्दल समस्त महिला आभारी आहेत. बस. मी विचारलं, "एटीएममध्ये घालायचं कार्ड कोणाकोणाकडे आहे?" हॉलमध्ये एकही हात वर झाला नाही.

"मावशी, उगाच फाटे फोडू नका," तो म्हणाला आणि त्याने माझा अंगठा धरला. तसाच. शाईकडे नेऊ लागला.

"हात सोड."

त्याने सोडला नाही. तेवढ्यात सासू भिंतीजवळून ओरडली, "सोर तिला! तिला लिवता येतं!" म्हातारीचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. मी हात हिसडला. शाईचा डबा खाली पडला, त्याच्या पांढऱ्या बुटांवर शाई उडाली. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी लिहायला बसले. खातं उघडताना आधी विचारा, सही येते का. मशीनने ओळखलं नाही तर माणसाने ओळखावं, आणि त्याच दिवशी पैसे द्यावे. नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून द्यावं, शिक्का मारून. आणि ज्या बायका बँकेच्या दप्तरात अंगठेवाल्या झाल्यात, त्यांना परत विचारा. खाली सही केली. माझ्यामागे आणखी सहा जणींनी सही केली. वर्षानुवर्षं अंगठा देणाऱ्या सहा जणी! त्यांनाही कधी कोणी विचारलं नव्हतं.

खासदार आले. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली. "एकदम योग्य मुद्दा आहे ताई. नक्की मांडतो." आणि कागदासाठी हात पुढे केला.

मी दिला नाही. "आधी पोच द्या."

ते हसले. "अहो ताई, विश्वास ठेवा की."

"विश्वास ठेवूनच अंगठा दिला होता."

"इथे शिक्का कुठून आणू?"

"सही येते ना तुम्हाला? सही करा."

त्यांनी त्यांच्या माणसाकडे बघितलं, त्या माणसाने घड्याळाकडे बघितलं, आणि दुसरा कार्यक्रम आहे म्हणून ते उठून गेले.

कागद माझ्याकडे आहे. पासबुकासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय. झेरॉक्स काढल्यात. दर सोमवारी आम्ही सात जणी पाट्या घेऊन खासदारांच्या ऑफिसच्या दारात बसतो. ताज्या मासळीच्या पाट्या, माझ्या पाटीत व्यापाऱ्याने न घेतलेली बारकी मासळी. लावू देत त्यांना अगरबत्त्या. ते पोच देतील त्या दिवशी कागद देईन, त्याआधी नाही. आणि माझा अंगठा आता कोणाच्या शाईला लागणार नाही.