गाळ धरून खोली

“मॅडम, हा मोठा आकडा धरा ना. तुमच्याच मशीनने दिलाय,” पाणी विभागाचे साहेब म्हणाले. नेरजवळच्या एका तलावाची खोली माझ्या लॅपटॉपवर होती आणि साहेबांचं बोट नेमकं चुकीच्या रेघेवर.

मी मूळची दिग्रसची. नोकरी किनाऱ्यावरच्या सरकारी संस्थेत, काम समुद्राचे प्रवाह आणि खोली मोजण्याचं. या तलावाचं पाणी एका कारखान्याला द्यायचं घाटत होतं. पिण्यापुरतं राखून किती उरतं, हे सांगायला यवतमाळ जिल्ह्याने आमच्या संस्थेकडे तज्ज्ञ मागितला. डायरेक्टर म्हणाले, “तू यवतमाळकडचीच ना? जाऊन ये.”

आमचं यंत्र, इको साउंडर, होडीतून पाण्याखाली आवाज सोडतं. तो आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली कळते. आम्ही दोन आवाज सोडतो. बारीक आवाज गाळाच्या वरूनच परततो. जाड आवाज गाळात शिरतो आणि खालच्या कठीण जमिनीवरून परततो. मधलं अंतर म्हणजे गाळ. इथे तो चांगला दोन पुरुष खोल भरला. साहेबांना जाड आवाजाचा आकडा हवा होता. म्हणजे सगळा गाळ पाण्यात मोजायचा!

“सर, हे पाणी नाही.”

“ओलं आहे ना? टेक्निकल गोष्टी रिपोर्टात मागे टाका. वर फक्त खोली लिहा.”

माझं डोकंच फिरलं. भर समुद्रात उलट्या करत मी आकडे जमवलेत, पण एक सेंटीमीटर कधी पदरचा घातला नाही. आणि हा माणूस खुर्चीत बसून तलाव खोल करत होता! मी डायरेक्टरांना फोन लावला.

“कशाला वाद घालतेस? दोन्ही आकडे खरेच आहेत की.”

खरेच! एक पाण्याचा, एक चिखलाचा. साहेबांपेक्षा मला यांचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या पाण्यावर बैठक होती. तळाचा नमुना काढायला आमच्याकडे लोखंडी जबडा असतो. दोरीने सोडला की तळ चावून वर येतो. सकाळीच मी त्यातला गाळ स्टीलच्या डब्यात भरला आणि बैठकीत टेबलावर ठेवला.

“हे काय आणलं?” साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

“तुमच्या आकड्यातलं पाणी.”

समोर तलावाकाठच्या तांड्याच्या सरपंच शांताबाई राठोड बसल्या होत्या. तांड्याच्या नळाला याच तलावाचं पाणी. त्यांनी डबा साहेबांपुढे सरकवला.

“साहेब, हे पानी हाय म्हनता ना? मंग घोटभर पेऊन दाखवा. तुम्ही पेले तं आमचा तांडाबी पेईन.”

साहेबांनी रुमाल न काढताच डबा माझ्याकडे परत ढकलला.

रिपोर्टात बारीक आवाजाची खोली गेली. तेवढ्यात पिण्याचंच जेमतेम भागत होतं, म्हणून कारखान्याचा प्रस्ताव बारगळला. मला मात्र बैठकीत घाण आणल्याबद्दल मेमो मिळाला.

आता कुठेही खोली मोजायला गेले की मी आधी डबा भरून घेते. चिखलाला पाणी म्हणणारे पुष्कळ भेटतात, पिणारा अजून एकही भेटलेला नाही.