सहा चोपडलेली डोकी

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात गेले. शाळेत जीवशास्त्र शिकवून शिकवून झालं होतं, आणि यवतमाळात विद्यापीठाचा मेंदूविज्ञानाचा अभ्यासक्रम निघाला होता. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरं-पोरी उभ्या राहिल्या. नव्या मॅडम आल्या असं वाटलं त्यांना. मग मीही गंभीर चेहरा करून पूर्ण हजेरी घेतली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले!

माझा जीव अडकला होता प्रयोगशाळेत. डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरी टिपायचा प्रकल्प, आणि त्यात विद्यार्थ्याची जागा एकच. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "साठीच्या पुढची सहा माणसं शनिवारी आणा. नोंदी नीट आल्या तर जागा तुमची."

सहाच? सासूबाईंचं कळंबचं भजनी मंडळ कशाला आहे! फोन केला, "आई, सगळ्यांना नीटनेटकं घेऊन या."

शनिवारी एसटीतून सहा जणी उतरल्या. घडीची लुगडी, ठसठशीत कुंकू आणि डोक्याला चपचपीत तेल. कानामागून ओघळ येत होते. तेलकट डोक्याला तारा धरत नाहीत, हे सरांनी दिलेल्या सूचनांच्या कागदावर छापलेलं होतं. सांगायचं मीच विसरले होते.

"आई, तेल काहून लावलं?"

"वा! मोठ्या डाक्टरले डोकसं दाखवाचं अन् कोरडं न्याचं? लोकं म्हन्तीन, सून सासूले तेलबी देत नाही."

सरांनी एकेक डोकं पाहिलं, मग घड्याळ. "दोन तास देतो."

मी मुलींच्या होस्टेलकडे पळाले. ज्यांची मी खोटी हजेरी घेतली होती, त्याच पोरी शाम्पू घेऊन बाहेर आल्या. "काकू, आता आम्ही तुमची हजेरी घेऊन राह्यलो!" नळाशी सहा पाट मांडले गेले. एक आजी डोळे मिटून म्हणाली, "माह्या डोक्यावरून दुसऱ्याचा हात फिरून लय वर्सं झाली वो माय." पोरीचा हात क्षणभर थांबला, मग तिने आणखी हळू चोळलं.

सासूबाईंचं डोकं मी धुतलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्यांचे केस इतके पातळ झालेत हे मला ठाऊक नव्हतं.

पाच नोंदी छान आल्या. सहाव्या सासूबाई. सर म्हणाले, "आजी, डोळे मिटा, पण जाग्या राहा." न्हाऊन सुखावलेल्या बाईला हे सांगायचं! दोन मिनिटांत घोरायला लागल्या. दोन तास तर केव्हाच संपले होते.

"उठवू का सर?" मी कासावीस.

"राहू द्या," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "उठल्या की घेऊ."

पाऊण तासाने त्या उठल्या, सहावी नोंद झाली आणि जागा मला मिळाली. पण सासूबाई दारात अडून बसल्या. "आता असं कोरडं डोकसं घेऊन एसटीत कशी बसू?"

तेव्हापासून प्रयोगशाळेच्या कपाटात खोबरेल तेलाची बाटली असते. सरांनीच आणून ठेवली आहे. नोंद संपली की तेल लावून द्यायचं काम माझं.