सायकलीला फिरवून आणणारे विष्णुपंत

भिंगारच्या विष्णुपंतांना सायकल मिळाली आणि त्यांचं सुख संपलं, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल, काय तरी सांगता राव! पण ऐका तर.

पंत नगरला एका वकिलांकडे कारकून. भिंगारहून रोज पायी जायचे आणि पायीच यायचे. जाताना सरळ रस्त्याने, कारण वकील तापट. येताना मात्र बांधावरून, ओढ्याकाठाने, कुठे सुगरणीचं घरटं बघत, कुठे चिंचेखाली उगाच टेकत. घरी येऊन कोट झटकला की कुठला महिना चाललाय ते पंचांग न उघडता कळायचं. चैत्रात खिशातून कडुनिंबाचा मोहोर गळायचा, वैशाखात चिंचेचा कोवळा पाला, श्रावणात तेरड्याची चुरगळलेली फुलं, पौषात बोरं. पाऊस सरला की धोतरभर कुसळं.

"जेवण पार गार झालं, आणि हे आलेत पाला घेऊन!" त्यांच्या पत्नी नीलांबरीबाई म्हणायच्या. लग्नाला वीस वर्षं होत आली तरी त्यांचा ताव पहिल्या वर्षाइतकाच ताजा होता. पंत हसत हसत पाय धुवायला जायचे.

नीलांबरीबाईंचा धाकटा भाऊ सुमंत भिंगारलाच लष्कराच्या कचेरीत होता. महायुद्ध संपलं आणि नको झालेल्या लष्करी सामानाचा लिलाव निघाला. सुमंतने त्यातली एक हिरवी दणकट सायकल उचलली आणि बहिणीच्या अंगणात आणून उभी केली.

"अक्का, आता भाऊजी दिवेलागणीच्या आत घरात!"

नीलांबरीबाई अशा हरखल्या की त्यांनी पेटीतलं जपून ठेवलेलं लाल मखमलीचं कापड काढून सीटला खोळ शिवली. इकडे पंत सायकलीपासून चार हात लांबच. सायकलवर बसलेला माणूस फक्त पुढचं चाक सांभाळतो, त्याला झाड दिसत नाही की पाखरू, असं त्यांचं ठाम मत होतं. पण बायकोने हौसेने खोळ शिवलेली, आता नको कसं म्हणणार? सुमंतने दोन दिवस अंगणात शिकवलं. तिसऱ्या दिवशी पंतांनी "आली मला!" असं जाहीर केलं आणि निघाले. "आळीत पोरं आडवी येतात" म्हणत वळणापर्यंत सायकल हातात धरून गेले, आणि वळण गेल्यावरही हातातच धरून गेले.

मग रोज तेच. पंत चालायचे आणि सायकल त्यांच्याबरोबर हवा खायची. घरी यायला उशीर झाला की, "पंक्चर झाली गं." रस्त्याकडेला राहीबाईचं शेत होतं. एके दिवशी तिने खुरपं खाली ठेवून विचारलंच.

"पंत, सायकल आजारी हाय का वं? लई दिस बगते, हाताला धरूनच चालवताय!"

"जरा अशक्त आहे," पंत म्हणाले आणि तिथून सटकले.

असं करता करता दसरा आला. सकाळी पूजेसाठी नीलांबरीबाई सायकल पुसायला बसल्या. पुसता पुसता हात थांबला. सीटवरची मखमल नव्या नवरीसारखी कोरी करकरीत! आणि शेजारीच पंतांच्या चपला, टाचेपर्यंत झिजलेल्या. बाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. सायकलीला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं आणि आत गेल्या.

तिसऱ्या प्रहरी पुरुषमंडळी शीव ओलांडून आपट्याची पानं आणायला निघाली. बायकांनी मागे थांबायचं आणि सोनं घेऊन आलेल्यांना ओवाळायचं, अशी रीत. सुमंत अंगणातच ओरडला, "आज भाऊजी सायकलवर सगळ्यांच्या पुढे! बसा भाऊजी, बसा!" सगळी आळी गोळा झाली. पंतांनी धोतर आवरलं, एक पाय पॅडलवर ठेवला आणि दुसरा जमिनीवरच राहिला. आज पडलो तर हसू होणार, हे एक. आणि खोटं उघडं पडलं की उद्यापासून सुमंत मानेवर बसून सायकल शिकवणार, मग संपलंच सगळं. ती वाट, तो ओढा, ती चिंच. पंतांना खरोखर रडू यायचं बाकी राहिलं.

"सुमंता, तूच बस त्या सायकलवर," दारातून आवाज आला. नीलांबरीबाई पदर खोचून बाहेर आल्या होत्या. "तू हो पुढे. आम्ही येतो मागून चालत."

"आम्ही म्हणजे? तू पण? अगं अक्का, मग ओवाळणार कोण?"

"आल्यावर ओवाळीन. जा तू!"

सायकल गेली. रस्त्याला लागल्यावर पंत चाचरत म्हणाले, "अगं, ते पंक्चरचं मी..."

"पंक्चरचं राहू द्या," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "वीस वर्षं एकटेच बघताय हे सगळं. मला नुसता चोळामोळा झालेला पाला आणून दाखवायचा! एकदा तरी 'चल' म्हणालात?"

पंत रस्त्यातच थबकले. चुकलंच होतं, आणि भलतंच चुकलं होतं. खाली मान घालून ते एवढंच म्हणाले, "चल."

मग काय विचारता! तरवड पिवळाधमक फुलला होता, तो बाईंनी केसांत माळला. तारेवर नीळकंठ बसला होता. तो उडाला तेव्हा पंखांतला निळा रंग बघून त्या चारचौघांत "अगंबाई!" म्हणून ओरडल्या. ओढ्यापाशी तर पंतांनाच म्हणावं लागलं, "अगं, चल आता, उशीर होतोय."

सोनं घेऊन घरी पोचेपर्यंत दिवे लागून गेले होते. सुमंत उंबऱ्यावर उपाशी बसलेला, कपाळावर आठ्या. बाईंनी घाईघाईने दोघांना ओवाळलं, जेवायला वाढलं आणि कातर घेऊन सायकलीची खोळ उसवली.

सकाळी पंत निघाले तेव्हा त्यांच्या हातात मखमलीची लाल पिशवी पडली.

"यात आणत जा. कोटाचे खिसे खराब करू नका," नीलांबरीबाई म्हणाल्या. "आणि संध्याकाळी ओढ्यापाशी थांबा. मी येते."