नोराबाईंच्या रुळांतली चूक

मी घर सोडलं त्या सकाळी अण्णांना रजा मिळाली नव्हती. त्यांचा कामावरचा जोडीदार आजारी होता आणि रुळांवरून फिरणाऱ्या माणसाचा खाडा चालत नाही. त्यामुळे जालन्याच्या अलीकडच्या आमच्या लहानशा स्टेशनवर मला पोचवायला एकटी आई आली. बॅग वर चढवताना ती म्हणाली, "पोचल्यावर आधी जेव, मग फोन कर." गाडी सुटली. दोनेक किलोमीटरवर, बाभळींच्या ओळीपाशी, अण्णा रुळांच्या कडेला उभे होते. खांद्यावर हातोडा, हातात हिरवी झेंडी. ती खरं तर ड्रायव्हरला दाखवायची असते. इंजिन पुढे गेलं तरी त्यांनी ती खाली घेतली नाही. मी कुठल्या डब्यात आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येक खिडकीकडे बघत होते.

समोरच्या बाईंनी विचारलं, "ओळखीचे आहेत का?"

मी म्हणाले, "नाही."

बाईंची मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला होती आणि मी परदेशी शिकायला चालले आहे हे मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं. एवढंच कारण. याहून चांगलं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. अण्णा सातवी शिकलेले, रेल्वेत कीमन. कीमन म्हणजे हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतले रूळ रोज पायी तपासत जाणारा माणूस. सैल झालेलं ठोकायचं, मोडलेलं कळवायचं. जाऊन येऊन बारा किलोमीटर. माझं सगळं शिक्षण त्या बारा किलोमीटरांवर झालं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

इंग्लंडात लेस्टरला युनिव्हर्सिटीपासून वीस मिनिटांवर मला खोली मिळाली. घरमालकीण नोराबाई आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या, तरुणपणी नर्स म्हणून इकडे आलेल्या, आता रिटायर्ड. पहिल्याच आठवड्यात किचनमध्ये त्यांनी विचारलं, "अँड व्हॉट डझ युअर डॅडी डू?"

"रेल्वेत आहेत."

इथे थांबायला हवं होतं.

"रेल्वेत काय?"

"इंजिनिअर."

त्यांनी हातातला मग तसाच सिंकपाशी ठेवला. "मग तू वर चल. आत्ता!"

वरच्या लहान खोलीत, भिंतीला लागून, टेबलाच्या उंचीवर त्यांचं गाव होतं. एकेरी रेल्वेलाईन, तिला आडवा जाणारा रस्ता, लाकडी गेट, गेटशेजारी चुन्याने रंगवलेलं घर, दगड रचून केलेले बांध. मॉडेल रेल्वे म्हणजे मुलांचं खेळणं अशी माझी समजूत होती. नोराबाई त्यावर चार वर्षं काम करत होत्या. ते घर त्यांचंच. त्यांची आई रेल्वेचं गेट उघडायची. "पहाटेच्या मालगाडीला नाइटगाऊनवर कोट चढवून पळायची," त्या म्हणाल्या, "आणि ड्रायव्हर शिट्ट्या मारायचा, डेव्हिल!" हे त्या कुणालाही सांगायच्या, पोस्टमनलासुद्धा. इंजिनिअरची मुलगी म्हणून मी शेजारी उभी राहून हसायचे.

आयर्लंडच्या दोन रुळांमधलं अंतर इंग्लंडपेक्षा जास्त, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा जरासं कमी. दुकानात मिळतो तो तयार ट्रॅक इंग्लंडच्या मापाचा. म्हणून नोराबाई सगळा ट्रॅक हाताने करायच्या. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे स्लीपर, काडीएवढे रूळ आणि रूळ धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पकडी, तांदळाच्या दाण्याएवढ्या. रूळ हलू नये म्हणून खऱ्या पकडीत एक पाचर ठोकलेली असते, तिला चावी म्हणतात. या इवल्या पकडींवर तीही होती. शनिवारी लेक्चर नसलं की मी मदतीला बसायचे. बारीक खडी ब्रशने पसरायची, मग पाण्यात पातळ केलेल्या ग्लूमध्ये भांडी धुण्याच्या लिक्विडचा थेंब टाकून ड्रॉपरने ती भिजवायची. लिक्विड नसलं तर ग्लू खडीवर मोत्यासारखा नुसता बसून राहतो. पलीकडची दलदलीची काळी माती माझ्या चहाच्या चोथ्याची होती. वाळवून, चाळून, चिकटवलेली. नोराबाईंना तिचा वास आवडायचा.

खडी पूर्ण झाली तेव्हा त्यांनी फोटो काढले, प्रिंट करून आणले आणि एक पत्र लिहून पाकिटात घातलं. "तुझ्या डॅडींचं प्रोफेशनल ओपिनियन हवंय." पाकीट हरवलं म्हणता आलं असतं. पण खोटं झाकायला दुसरं खोटं बोलायचा धीर झाला नाही आणि खरं बोलायचा तर नव्हताच. मी पत्ता लिहिला आणि पोस्टात टाकलं.

तेव्हा फोनकार्ड खरवडून नंबर लावायचा काळ होता. दर रविवारी ठरल्या वेळी अण्णा स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथवर येऊन बसायचे.

"बाईंचं पत्र आलं," ते म्हणाले. "शाळेतल्या मास्तरकडनं वाचून घेतलं."

मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"वर इंजिनिअर लिवलंय." मग म्हणाले, "मास्तर हसला. मी म्हणलं, परदेशातल्या बाईला काय ठाऊक, तिची चूक झाली असंल."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "आई कशीय?"

"बरी हाय. ऐक तर. फोटो घेऊन मी आपल्या सेक्शनच्या सायबाकडं गेलतो. म्हणलं, इंजिनिअरला विचारलंय तर इंजिनिअरनंच सांगितलेलं बरं. उगं तुझं काही वाकडं व्हायला नको. सायब म्हणले, फर्स्ट क्लास हाय, खोट काढायला जागा न्हाई. तसंच सांग बाईंना."

"बरं."

"पन बाळा, मला एक दिसलं. सांगू का? ऱ्हाऊ दे म्हणत असशील तर ऱ्हाऊ देतो."

"सांगा ना अण्णा."

"लाईन एकेरी हाय ना? मग सगळ्या चाव्या एकाच अंगानं कशा? गाडी जाते तिकडं रूळ सरकतो. दुहेरी लाईनीवर गाडी एकाच दिशेनं जाते, तिथं चाव्या सगळ्या एका अंगाच्या. एकेरीवर गाडी जाते बी आन् येते बी. निम्म्या चाव्या इकडनं, निम्म्या तिकडनं. आता आपल्याकडं क्लिपा आल्या, पर मीटरगेजला मी ह्याच ठोकल्यात. बाईंची गाडी परत येताना चाव्या पडतील की!" आणि ते हसले. इतक्या लांबून, दाण्याएवढ्या प्लास्टिकच्या चाव्या पडतील याची त्यांना खरोखर काळजी वाटली असावी. त्यांच्या कामाबद्दल मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी विचारत होते, आणि तेही एका खोट्याच्या आडून.

अण्णांचं म्हणणं सांगितल्यावर नोराबाईंनी भिंग घेतलं, वाकून पाहिलं. एकेक पकड तपासली. मग म्हणाल्या, "जीझस, मेरी अँड जोसेफ. ही इज राइट." पकडी रुळात ओवताना त्यांनी सगळ्या एकाच बाजूने ओवल्या होत्या. आम्ही ती सगळी खडी कोमट पाण्याने भिजवून खरवडली. ट्रॅक उचलला. तीन शनिवार त्यात गेले आणि प्रत्येक शनिवारी त्या "युअर इंजिनिअर" असं कौतुकाने म्हणत राहिल्या. मी मान खाली घालून खडी खरवडत राहिले.

मग चर्चच्या हॉलमध्ये मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन ठरलं. मॉडेलपुढे ठेवायचं कार्ड नोराबाईंनी मला लिहायला दिलं, माझं अक्षर बरं म्हणून. ट्रॅकसाठी सल्ला कुणाचा, तेही लिहायचं होतं. मी अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं. स्वल्पविराम दिला. पेन तिथेच थांबलं. त्या नावापुढे त्यांचं नसलेलं काही लिहायला हात उठेना. मग मी इंग्रजीत लिहिलं, कीमन, इंडियन रेल्वेज.

नोराबाईंनी कार्ड वाचलं. "कीमन म्हणजे?"

"रोज रूळ चालत तपासणारा."

"इंजिनिअर नाही?"

"नाही."

"किती चालतात?"

"बारा किलोमीटर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "इंजिनिअरला चावी कशी दिसली, याचं मला नवलच वाटत होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण नेहमीचा लाडही नव्हता. "त्यांना माहितीये, तू मला काय सांगितलंस ते?"

"हो."

"मग मला सॉरी म्हणू नकोस. फोन तिकडे कर."

रविवारी मी फोन केला. बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. "अण्णा, मी नोराबाईंना खरं सांगितलं. तुम्ही कीमन आहात म्हणून."

"कशाला सांगितलंस?" ते म्हणाले. "आता त्या तुला खोटारडी म्हणत असतील."

"नाही हो अण्णा."

"इंजिनिअर तर इंजिनिअर, माझं काय जात होतं? त्यांच्या घरात ऱ्हातीस तू. माझ्यापायी तुझी मान कशाला खाली?"

मी माझं चुकलं म्हणायला फोन केला होता आणि ते माझी मान खाली गेली म्हणून कासावीस झाले होते. कागदावरचं वाक्य तिथेच राहिलं. मग त्यांनी विचारलं, "निम्म्या-निम्म्या झाल्या ना चाव्या?" मी हो म्हणाले. "मग झालं तर," ते म्हणाले आणि त्या दिवशी सोबत आलेल्या आईला फोन दिला.

आपल्यापैकी जे इकडे आलेत त्यांना घर म्हटलं की जेवण आठवतं, अंगण आठवतं, मलाही आठवतं. पण आधी आठवतो तो फोन. माझी चूक अण्णांनी मला न विचारता सावरून स्वतःकडेच ठेवली, मास्तरपुढे, साहेबापुढे, आणि मी ती परत मागायला गेले तर द्यायला तयार नाहीत. अशी माणसं जिथे आहेत ते माझं घर. तिथे मला हक्काने जाता येतं, पण ताठ मानेने जाता येईल की नाही, कळत नाही.

त्यानंतर कितीदा घरी गेले, पण ते वाक्य बोललेच नाही. डिसेंबरात मी पुन्हा तीन आठवडे घरी जाते आहे. या वेळी फोनवर नाही, समोर बसून म्हणायचं आहे, अण्णा, माझं चुकलं. ते बहुधा विषय बदलतील, बाईंच्या त्या रुळांचं काय झालं विचारतील. मी आधी उत्तर देईन. आणि मग पुन्हा तेच म्हणेन.