सोयाबीनच्या शेडमधली डबल बेल

रेंजवर टार्गेटच्या मागे पत्र्याचा एक ट्रे असतो. एअर रायफलचा छर्रा कार्डाला भोक पाडतो, मागे आदळतो आणि चपटा होऊन त्यात पडतो. आम्ही रोज संध्याकाळी ट्रे झाडतो, दुसऱ्या संध्याकाळी तो पुन्हा भरलेला! आमच्या रेंजवरच्या किश्शांचंही तसंच आहे. सांगून संपत नाहीत.

मी दिल्लीला नेमबाजीचं कोचिंग शिकले. शिकवीन तर आपल्या वर्ध्यातच आणि आधी इथल्या मुली-सुनांना, हे तिकडे असतानाच ठरलं होतं. त्यात बोरगाव मेघेतल्या आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर एक रेंज चालू असल्याचं कळलं, तेव्हा तर मला आभाळ ठेंगणं झालं. डोळ्यांपुढे गार हॉल, मॅट, आपोआप गुण दाखवणारे स्क्रीन असं सगळं उभं राहिलं.

दार उघडलं आणि आधी आला तो सोयाबीनचा वास! गावच्या सोसायटीचं जुनं शेड. मागच्या भिंतीला वाळू भरलेली पोती. कार्ड पुढे-मागे न्यायला कपडे वाळत घालायची दोरी आणि सायकलची रिंग. आणि दाराजवळ खिळ्याला टांगलेली एसटीची घंटी. दोरीसकट!

ही घंटी देवराव काकांची. काका आर्वी डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि नेमबाजीच्या नादाला लागले. रेंज त्यांनीच सुरू केली. नियम साधा: डबल बेल झाली की गोळीबार सुरू. सिंगल बेल झाली की थांबायचं, रायफल खाली. रायफली खाली असताना डबल बेल झाली तर ती कार्ड बघायला पुढे जायची, आणि सगळे मागे परतल्यावरच पुढची डबल बेल गोळीबाराची.

पहिल्या दिवशी मी रायफल घेऊन उभी राहिले तर मागून आवाज, "पुढं सरका पोरी, पुढं सरका! दारात उभं नोको राहू!"

गुणही त्यांच्याच भाषेत. दहापैकी दहा म्हणजे फुल तिकीट. त्याच्याखाली हाफ. आणि कार्डाच्या बाहेर गेला तो विनातिकीट!

पण पहिल्याच आठवड्यात खरी गोष्ट कळली. शेड आमचं नव्हतं. सोसायटीचे अध्यक्ष बापूराव यांना ते परत हवं होतं. "शेड सोयाबीनचं हाये," ते चारचौघांत म्हणायचे, "तिथं ठो-ठो कायले पायजे?" दिवाळीनंतर कमिटी पाहणीला येणार आणि त्याच दिवशी ठरणार, शेडमध्ये रेंज राहणार की पोती.

आता गंमत बघा. आमची सगळ्यात चांगली नेमबाज सुनीता, ही याच बापूरावांची सून! घरची भाजीची शेती. सकाळी बाजारात मेथी-वांगी देऊन ती थेट रेंजवर यायची. नवरा तिच्या बाजूनं होता म्हणून बापूराव अडवत नव्हते, पण टोमणा ठरलेला होता, "सुनंनं बंदूक धराव अन् सासऱ्यानं पदर घ्याव, नाई का!" ती मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, पुढ्यात एक शब्द बोलत नसे. बोलायची ती रायफलनंच.

मी ठरवलं, हे शेड सोडायचं नाही. काहीही होवो.

*

आमच्यातले गजाननभाऊ खरे बंदूकवाले. शेतात रानडुकरांचा त्रास, म्हणून पीक राखण्यासाठी लायसन्सवर घेतलेली आजोबांच्या वेळची, नळीत दारू ठासायची भरमार बंदूक त्यांच्या घरी आहे. एअर रायफलकडे ते सुरुवातीला, बैलजोडीवाल्यानं बोकडाकडे बघावं तसे बघायचे.

मी एकदा मोठ्या उत्साहानं म्हटलं, "भाऊ, तुमची बंदूक दाखवा ना!"

"ठाण्यात हाये."

"का? काय झालं?"

"इलेक्शन! इलेक्शन आलं की लायसन्सची बंदूक ठाण्यात जमा करा लागते. लोकसभा झाली, आणली. विधानसभा आली, देल्ली. झेडपी आली, देल्ली. माह्या बंदुकीनं माह्यापेक्षा जास्त ठाणेदार पाह्यले, मॅडम!"

"आणि रानडुकरं?"

"त्यायले आचारसंहिता लागतच नाई!"

*

सगळ्यांचे डोळे तपासून घ्यायचे, असं मी फर्मान काढलं. नेमबाजाला डोळ्याचा नंबर माहीत नसावा म्हणजे काय! सेवाग्रामच्या दवाखान्यात मी सगळी वरात घेऊन गेले.

गजाननभाऊंचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी पाटीवरचं पहिलं अक्षर दाखवलं. भाऊंनी पाय फाकवले, खांदा सैल सोडला, श्वास घेतला, अर्धा सोडला, रोखला. अक्षरावर नजर स्थिर केली. कितीतरी वेळ गेला. मग म्हणाले, "म." आणि भस्सकन श्वास सोडला.

दुसऱ्या अक्षराला पुन्हा तेच. तिसऱ्याला तेच. चौथ्या अक्षरापर्यंत भाऊंचा चेहरा लालबुंद!

डॉक्टरीणबाई घाबरल्या. "भाऊ, धाप कधीपासून लागते?"

मी बाहेर बाकीच्यांना रांगेत बसवत होते. मला कळेपर्यंत भाऊ छातीच्या ओपीडीत पोचले होते. संध्याकाळी रेंजवर त्यांनी पाकीट नाचवत सगळ्यांना दाखवलं.

"डोळ्याचा नंबर नाई निंघाला. पण छातीचा फोटो काय झकास आला, पाहा!"

*

दसऱ्याला शस्त्रपूजा. पूजेची जबाबदारी देवराव काकांनी स्वतःकडे घेतली. झेंडूचे हार, आपट्याची पानं, नारळ, सगळं साग्रसंगीत. मी घरच्या पूजेला गेले आणि तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी गजाननभाऊंनी रायफल खांद्याला लावली आणि नेम धरता धरता थबकले.

"काका, आज टार्गेटवरच सूर्य उगवला का?"

मी रायफल हातात घेतली. नेम धरायला मागे एक बारीक भोक असतं, त्यातून बघायचं. काकांनी प्रत्येक रायफलच्या त्याच भोकात बोटानं कुंकू दाबून भरलं होतं!

"काका, अहो तिथे काऊन लावलं?" माझ्याही तोंडून आमची बोली निसटली.

"मंग कुठं लावू? पाह्यते त तोच डोळा! देवाले कपाळ सोडून पाठीवर टिळा लावतेत का?"

दिवसभर कान साफ करायच्या कापसाच्या काड्यांनी रायफली साफ करत बसले. संध्याकाळी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: कुंकू फक्त लाकडी दस्त्याला.

खाली कुणीतरी खडूनं भर घातली: हुकमावरून.

*

मग आली नागपूरची स्पर्धा. आमची पहिलीच. आदल्या दिवशी मी सगळ्यांना इतक्या सूचना दिल्या की घसा बसला. तयारीत काही कमी नव्हतं. सुनीता तर त्या आठवड्यात फुल तिकिटाशिवाय बोलत नव्हती.

आमचे नेमबाज लेनवर उभे राहिले. मी प्रेक्षकांत, तोंडाला कुलूप. पंचांनी माइकवर म्हटलं, "स्टार्ट!"

आजूबाजूच्या लेनवर फाट-फाट सुरू झालं. आमच्या चार लेनवर चिडीचूप. रायफली खांद्याला, नेम धरलेला, पण चाप कुणी दाबेना! मला वाटलं मन एकाग्र करताहेत. नंतर वाटलं, अति एकाग्र करताहेत.

शेवटी पंच गजाननभाऊंजवळ गेले. "काही अडचण आहे का?"

"नाई साहेब," भाऊ नेम न मोडता म्हणाले. "गाडी सुटाची वाट पाहून राह्यलो."

हे सुनीतानं ऐकलं आणि इथे घंटी वाजणारच नाही, हे तिच्या लक्षात आलं. ती तेवढ्या घाईतही सुंदर खेळली. पण वेळ संपली तेव्हा तिचे शेवटचे छर्रे डबीतच राहिले होते.

परतीच्या गाडीत सगळे खिडकीबाहेर बघत बसले. कंडक्टरनं डबल बेल दिली तेव्हा मात्र सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

*

दुसऱ्या दिवशी मी घंटी काढली. कपाटावर ठेवली. यापुढे हुकूम इंग्रजीत: "स्टार्ट", "स्टॉप". नागपूरला जायचं, पुढे पुण्याला जायचं, तर सवय तिकडची हवी.

देवराव काका दोन दिवस पोत्यावर बसून राहिले. "बिनाघंटीची गाडी म्हंजे मालट्रक," एवढंच म्हणाले.

मी हटले नाही. रोज तोच सराव करून घेतला. आणखी एक नियम घातला: लेनवर उभं राहिल्यावर कान फक्त हुकमाला. बाकी मागे कुणी काहीही बोलो, ओरडो, हसो, मान वळवायची नाही.

"जमेल ना?" मी विचारलं.

सुनीता म्हणाली, "ताई, घरी दुसरं काय करतो आम्ही?"

*

कमिटी आली ती रविवारी सकाळी. बापूराव पुढे, पांढराशुभ्र सदरा, मागे दोघं सभासद. मी शेड झाडूनपुसून ठेवलं होतं. सगळे लेनवर तयार. सुनीता शेवटच्या लेनवर, कडेला. भाजी विकून थेट आलेली, जेवणाचा स्टीलचा डबा पायाशी. सासरे दिसताच तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि त्याच पदरात रायफल खांद्याला लावली.

मी म्हटलं, "स्टार्ट!"

फाट, फाट, फाट. अगदी घड्याळासारखं. माझी छाती फुगली. काका मागे हाताची घडी घालून उभे होते, तेही मान हलवत होते.

"इकून काईच दिसत नाई," बापूराव म्हणाले. "भोकं पडून राह्यले का नुसता आवाज, हे पाहा लागन."

आणि मी वळून बघेपर्यंत त्यांनी बघ्यांना अडवायला बांधलेली कडेची दोरी वर केली, खालून वाकून आत शिरले आणि भिंतीकडनं टार्गेटच्या दिशेनं चालू लागले! पुढे झुकून, हात मागे बांधून, शेतात फेरी मारावी तसे.

माझ्या तोंडून निघालं, "बापूराव, थांबा! अहो थांबा!"

"काऊन थांबू? पाहू त द्या!"

आणि माझ्या शिष्यांनी माझा नियम तंतोतंत पाळला. मागे कुणीतरी ओरडतंय. मान वळवायची नाही. फाट. फाट. "स्टॉप" हा शब्द मला त्या क्षणी आठवतच नव्हता.

सुनीताला कडेच्या लेनवरून सासरे दिसले. सुनेनं सासऱ्याला हाक मारायची नसते. त्यांचं नाव घ्यायचं नसतं. त्यांच्यावर ओरडायचं तर मुळीच नसतं.

तिनं रायफल खाली ठेवली, पायाशी वाकली, डबा उचलला आणि त्याचं झाकण एकदाच डब्यावर हाणलं.

टंग!

सगळ्या रायफली एका झटक्यात खाली गेल्या. आणि बापूरावही थांबले! जन्मभर आर्वीच्या गाडीनं प्रवास केलेला माणूस. एक पाय पुढे टाकलेला, तो तसाच राहिला.

"कोणता स्टॉप आला?" ते म्हणाले.



ते सावकाश वळले. त्यांनी रांगेतल्या रायफली पाहिल्या. माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग सुनेच्या हातातल्या झाकणाकडे. तिचा पदर डोक्यावर होता, नजर जमिनीवर.

मग त्यांनी विचारलं. मला नाही, काकांना नाही.

"आता जाऊ का?"

सुनीतानं लेनवर इकडून तिकडे नजर फिरवली. एकेक रायफल खाली आहे, हे बघून घेतलं. मग झाकण दोनदा वाजवलं.

टंग, टंग.

बापूराव पुढे गेले. शेवटच्या लेनचं कार्ड त्यांनी दोरीवरून काढलं, उजेडाकडे धरलं.

"एकच भोक? बाकीचे कुठं गेले?"

"त्यातूनच गेले, बापूराव," काका म्हणाले. "सारे फुल तिकीट."

बापूरावांनी कार्ड घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. दाराबाहेर पडताना सभासदांना म्हणाले, "या हंगामाचं सोयाबीन माह्या गोठ्यात टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका यायच्या आत मी शेड उघडलं, स्टुलावर चढले आणि घंटी पुन्हा जुन्या खिळ्याला टांगली. दोरी मात्र दारापाशी बांधली नाही. छताच्या कडीतून ओढून थेट शेवटच्या लेनपर्यंत नेली.