विहिणीचं तोंड उघडेना

दोंडाईच्यात अजून सांगतात की, अमळनेरच्या यशोदाबाईने लेकाच्या लग्नात विहिणीच्या गळ्यातली बोरमाळ मिळेपर्यंत तोंड उघडलं नाही. सांगणारे चवीने सांगतात आणि वर "बाई कसली, सावकारीण ती" अशी फोडणीही देतात. खोटं आहे. तोंड उघडलं नाही हे खरं, पण ते तिला उघडतच नव्हतं. त्या पंगतीत मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते. एरवी मी राईचा पर्वत करते हे आमच्या गल्लीला ठाऊक आहे, पण ह्या बाबतीत पर्वत दुसऱ्यांनीच करून ठेवलाय.

यशोदाबाई माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. नवरा झुलाल तेलाच्या गिरणीत कामाला. ही घरी उडदाचे पापड लाटून मारवाडी गल्लीत द्यायची. जीभ अशी की पापड लाटता लाटता अख्ख्या गल्लीचा पंचनामा व्हायचा, आणि मला बसायला पाट मिळायचा. पंच्याऐंशी सालाच्या आसपास तिच्या डाव्या कानापुढे दुखायला लागलं. घास चावला की कट्. जांभई दिली की कट्. मी म्हटलं, "यशोदे, तोंडात अडकित्ता ठेवला की काय?" ती हसली आणि हसता हसताच गाल धरून खाली बसली. तेव्हापासून अडकित्त्याचं नाव मी काढलं नाही.

मग उपाय सुरू झाले, आणि खरं सांगायचं तर दुखण्यापेक्षा उपायांचीच मला किळस आली. कुणी कानात लसणाचं तेल ओतायला सांगितलं. उशीचा अभ्रा पिवळा पडला नि घरभर तो वास. कुणी गूळ-चुन्याचा लेप सांगितला. तो थापून ही दारात बसायची, आणि गालावर माशा. माशी उडवायला तोंड हलवलं की लेपाला तडा, आणि तड्यात चार माशा जास्त. गावातल्या दातवाल्याने एक दाढ काढली. दुखणं जागच्या जागी. मग त्याने तिच्या शेजारचीही काढली. दोन्ही दाढा तिने कागदात बांधून आणल्या होत्या. हरभऱ्यासारख्या टणक, कीड नावाला नाही.

शेवटी झुलालभाऊंनी तालमीतल्या जीवराम पैलवानाला बोलावलं. हा निखळलेले खांदे बसवायचा. त्याने दोन्ही अंगठे तिच्या तोंडात घातले. अंगठ्यांना बिडीचा नि बकरीचा वास, आणि नखांत काय होतं ते मी लिहीत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल. "आवाज झाला का बसनं समजा," तो म्हणाला. आवाज झाला. पण तो ओकारीचा. पैलवान धोतर झटकत निघून गेला.

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात मग मीच तिला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरने दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली, तोंड उघड-मीट करायला लावलं आणि म्हणाला, "दाढांचा काही गुन्हा नव्हता. जबड्याचा सांधा बिघडलाय. मऊ खा, शेक घ्या, मोठी जांभई देऊ नका. आणि कधी अडकलाच तर कुणाला जोर लावून उघडू देऊ नका. कायमचं दुखणं मागे लागेल."

"बरं होईल ना?" मी विचारलं.

"कमी होईल. मधूनमधून उठेलही."

म्हणजे बाईने त्याच्याशी संसारच करायचा. ती करू लागली. भाकरी वरणात कुस्करून अशी लगदा करायची की तिचं तिलाच ताटाकडे बघवत नसे. "म्हशीले टाकतस तसं दिसस," म्हणायची आणि डोळे मिटून गिळायची. सकाळी फडक्यात गरम वीट गुंडाळून गालाला लावल्याशिवाय तिला धड बोलता येत नसे. समोर झुलालभाऊ कांदा बुक्कीने फोडून करकर चावत. त्या आवाजाने तिच्या अंगावर काटा यायचा. त्यांना ते कधी कळलं नाही. पुरुषाला जेवताना आपला आवाज ऐकू येत नाही.

मग भाईदासचं लग्न ठरलं. मुलगी दोंडाईच्याची, चुडामणआबांची. आम्ही सगळे पॅसेंजरने गेलो. लग्नाच्या सकाळी जानवशात उठताना यशोदाबाईने जांभई दिली आणि जबडा अडकला. जेमतेम एक बोट जाईल एवढी फट. दातांतूनच मला म्हणाली, "कोणले सांगू नको. मंगल कामात आजारपण नको." वीट कुठून आणणार? मी चहाच्या गरम पेल्याने शेकलं. काही उपयोग झाला नाही.

अक्षता पडल्या, बायकांची पंगत बसली. वरण, बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. तिथली रीत अशी की मुलीच्या आईने तुपात कुस्करलेली बट्टी विहिणीला भरवायची, आणि विहिणीने तो घास घेतल्याशिवाय पंगतीने हात लावायचा नाही. प्रमिलाबाई, मुलीची आई, घास घेऊन पुढे आल्या. यशोदाबाईने तोंडाला पदर लावला आणि मान हलवली.

"इहीन रुसनी," कुणीतरी म्हणालं, आणि पंगतीत खुसखुस झाली. विहिणीने थोडं रुसावं हीही रीतच. प्रमिलाबाई हसत आत गेल्या, एक जरीकाठी लुगडं घेऊन आल्या. पुन्हा मान हलली. मग स्टीलचा हंडा आला. यशोदाबाई दातांतून म्हणाली, "माले काहीच नको."

आता दात आवळून "काहीच नको" म्हणणारी विहीण म्हणजे किती मोठं मागणं, ते बायकांना सांगावं लागत नाही. प्रमिलाबाईंचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, "अहो, जबडा अडकलाय तिचा."

सगळ्या हसल्या. सकाळी हळद लावताना मीच नवरदेवाच्या पायाला सहा बोटं आहेत म्हणून उडवून दिलं होतं. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

आणि मग उठली भिकुअक्का, झुलालभाऊंची थोरली बहीण. पंगत थांबलेली, पण हिने मात्र गुपचूप बुंदी सुरू केलेली. ओठांवर तूप, हनुवटीला दोन पिवळे दाणे चिकटलेले. बोटं चाटत म्हणाली, "मन्ही भावजय हंड्यावर मानणारी नही. तिचं तोंड सोन्यानंच उघडस." आणि त्याच चाटलेल्या बोटांनी प्रमिलाबाईंच्या हातातला घास घेऊन तो यशोदाबाईच्या ओठांवर दाबू लागली. दुसऱ्या हाताने हनुवटी खाली ओढली. यशोदाबाई कळवळून मागे सरकली. तूप हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून नव्या लुगड्यात उतरलं. मला माझ्या ताटातल्या बट्टीकडे बघवेना.

"पाहा, किती ताठा," कुणीतरी म्हणालं.

मांडवाच्या कडेला चुडामणआबा उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि जमिनीकडे पाहिलं. प्रमिलाबाईंनी मानेमागे हात नेऊन बोरमाळेची गाठ सोडायला घेतली. गाठ लवकर सुटेना, आणि बाजूला नवरी मुलगी ते बघत बसलेली. माळ समोर आली तेव्हा भिकुअक्काचा हात यशोदाबाईच्याही आधी पुढे झाला. "आण, मी सांभाळते."

यशोदाबाईने माळ घेतली. पंगतीने सुस्कारा टाकला. मग ती गुडघ्यावर उठली, तुपाचे हात पदराला पुसले आणि माळ परत प्रमिलाबाईंच्या गळ्यात घालून मागे गाठ मारली. चांगली घट्ट. नंतर त्यांचं बोट धरून आपल्या डाव्या कानापुढे ठेवलं आणि तोंड उघडायला गेली. जबडा एका बाजूला वाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं, फट काही वाढली नाही.

प्रमिलाबाई बोट तसंच ठेवून म्हणाल्या, "आय वो, हाड अडकी गयं शे आठे. बोलना का नही तुम्ही?" आणि मग त्यांनाच आपल्या प्रश्नाचं हसू आलं, रडूही.

भिकुअक्काला मात्र हसू येईना. हनुवटीवरचे दाणे तसेच. म्हणाली, "हातात आलेलं सोनं परत करी दिधं. आते काय लिसन, रिकामा हातेच घर जाशी?"

यशोदाबाई दातांतूनच, पण पंगतीच्या शेवटापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "अक्का, माले बट्टी चावता येत नही, सोनं काय चावसू? पातळ वरन वाढा, नही ते बाजूले सरका."