केळवण सोमवारी, मॅच चार वाजता

आमच्या घरात फुटबॉल खेळता न येणारा एकच पुरुष आहे, आणि टीमचा मॅनेजर तोच आहे. म्हणजे मी.

गोव्यात लाटंबार्शात आमच्या वाड्यावर जन्मलेला मुलगा आधी चेंडू लाथाडतो आणि मग चालायला शिकतो. मी चालायलाच उशिरा शिकलो. त्यामुळे लिंबं कापणं, जर्स्या धुवायला टाकणं आणि रेफरीशी भांडणं ही खाती माझ्याकडे आली. अकरापैकी नऊ खेळाडू माझे पुतणे. सख्खे, चुलत, चुलतचुलत! नवांचंही आडनाव एकच, त्यामुळे पिवळं कार्ड नेमकं कुणाच्या नावावर लिहायचं या विचारात रेफरीचा निम्मा वेळ जातो. (तेवढ्यात आम्ही पाणी पिऊन घेतो.)

गेल्या डिसेंबरात लीगचं वेळापत्रक मोबाईलवर आलं आणि आमच्या सोप्यावर हाहाकार उडाला. नाताळाच्या आदल्या दिवशी मये, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी पेडणे आणि सोमवारी पाळी! सहा दिवसांत तीन गावांशी तीन मॅची, तिन्ही तगड्या. वरच्या गटात टिकायला तिन्हींत मिळून निदान एक बरोबरी हवी होती. नाहीतर बारा वर्षांनी आम्ही खालच्या गटात जाणार होतो.

"भियेवची गरज नाय," माझा पुतण्या गौरेश चहात पावाचा उंडो बुडवत म्हणाला. हा आमचा गोलकीपर आणि कॅप्टन. "मयेचे पोर नाताळात तळ्यार बोटी चलयतत. दमलेले आसतले. थंय ड्रॉ मेळतलो."

"अरे, त्यो पायांनी मारूच्यो बोटी!" दादा ओरडला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गौरेशचा बाप. "उलट पाय घट जाले आसतले तेंचे!"

"मगीर पेडणे घ्या. अर्धी टीम दर्यार हॉटेलात कामाक. नाताळात तेंका सुटी कोण दितलो?"

"आनि पाळी?" मी विचारलं.

दादाने घसा खाकरला. गौरेशने सगळा उंडो एकदम तोंडात घातला.

कारण पाळीचा स्ट्रायकर निखिल. खाणीवर टिपर चालवतो आणि आमच्यावर दरवर्षी गोल चढवतो. एवढ्यावर थांबला असता तर ठीक. पण दादाची मुलगी शर्वरी प्रत्येक मॅचला आमच्या गोलामागे उभी असायची. भावाला धीर द्यायला उभी राहते, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगत असे! मग एक दिवस पाळीहून रीतसर मागणी आली.

विरोध केला तो मी एकट्याने. "शत्रूचो स्ट्रायकर घरात हाडतलात? दिवाळीक तेका ओवाळतलो कोण, गोलकीपर?" घरात धाकटा असलो तरी माझ्या शब्दाला मान आहे (किंवा माझ्या तोंडाला लोक भितात). मी दोनदा पत्रिका बघायला लावली, एकदा हरवली, आणि असं करत जवळजवळ वर्ष काढलं. शेवटी शर्वरीने माझ्याशी बोलणं टाकलं, तेव्हा तुळशीच्या लग्नाला मी हो म्हटलं. लग्न माघातलं ठरलं.

मयेत आम्ही हरलो. बोटी मारून त्यांच्या पोरांचे पाय खरंच घट्ट झाले होते. पेडण्याशीही हरलो. हॉटेलवाल्याने पोरांना सुटी तर दिलीच, वर ढोल वाजवायला वीस गोरे पाहुणे पाठवले! आता सगळं सोमवारच्या पाळीवर आलं. मला झोप लागेना. आणि शनिवारी सकाळी दात घासता घासता मला ती कल्पना सुचली.

केळवण! होणाऱ्या जावयाला लग्नाआधी जेवायला बोलवायची रीतच आहे, आणि चुलत्याने बोलावलं तर नाही म्हणता येत नाही. सोमवारी दुपारी केळवण, चार वाजता मॅच. आमच्याकडचं केळवण जेवून उठलेला माणूस चार वाजता फार तर कूस बदलू शकतो.

मी बायकोला सांगितलं. तिचा मॅचशी संबंध नाही, पण केळवण म्हटल्यावर ती पदर खोचून उभी राहिली.

"सोमवार आसा. शिवराक करूचा पडतला. नुस्त्याक हात लावचंय नाय."

"मासे नकोच. पण जड कर."

"आनि भावकेक सोडून केळवण खंय जाता? सगळो वाडो सांगूक होयो."

"सांग की, सांग!" मी म्हणालो. (इथे माझं डोकं चालायला हवं होतं. पण ते पाळीच्या गोलापाशी जाऊन उभं होतं.)

इतक्यात शर्वरी आली. "काका, एक सांगू? निखिल सोमवारी..."

"एक अक्षर नको! सरप्राइज आसा! तेकाय सांगू नको आनि माकाय सांगू नको!"

बिचारी गप्प बसली. आत्ता कुठे आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं.

सोमवारी घरात खोबऱ्याचा आणि गुळाचा वास कोंदला. भाज्यांचं दाट खतखते, पुऱ्या, उसळ, वरणावर तुपाची धार आणि हंडाभर मणगणे! चण्याची डाळ, गूळ आणि नारळाचा रस असा तो ऐवज. दोन वाट्या खाल्ल्या की माणसाला जगाबद्दल काही तक्रार उरत नाही. निखिल आला, पाया पडला, पानावर बसला. मी जातीने मणगण्याचा डाव भरला आणि त्याच्या पानाकडे वळलो.

निखिलने पानावर आडवा हात धरला.

"काका, रागावू नकात. माझो सोमवार. दिवेलागणीक सोडतंय. एक केळा चलात."

मी शर्वरीकडे बघितलं. तिने आढ्याकडे बघितलं.

आणि मग मला पंगत दिसली! भावकी जेवायला आली होती. भावकी म्हणजे आमचे नऊच्या नऊ खेळाडू! गोलकीपर, तिन्ही बॅक, अख्खा मिडफील्ड मांडी ठोकून बसला होता आणि पुऱ्यांचा चट्टामट्टा करत होता. मी वाकून गौरेशच्या कानात पुटपुटलो, "उठ! जेवू नको! मॅच आसा!"

"काकी वाडता मरे! मी काय करू?"

"केळवणात पोरांका अर्धपोटी उठयतास?" बायको कडाडली. "शोभता तुमका?"

मी मुकाट्याने बाजूला झालो. तेवढ्यात आमचा जावई, सगळे जेवतायत आणि आपण नुसतं बसायचं बरं दिसत नाही म्हणून, केळं संपवून उठला. "काकी, तुमी बसा. आता मी वाडतंय," म्हणत त्याने डाव हातात घेतला आणि आमच्या टीमला आग्रह सुरू केला! "गौरेश, माझ्या वाट्याचा तूच खावक होया." "सेंटर बॅक, आनी एक वाटी. माझी शपथ!" जावयाची शपथ मोडायची कुणी? हंडा खरवडला गेला. सेंटर बॅक तर पानावरच डुलक्या घेऊ लागला.

चार वाजता शिट्टी झाली. निखिल हरणासारखा सुटला. आमचे पुतणे जागच्या जागी वळत होते.

"पळा रे!" मी ओरडलो.

"काका, पोटात मणगणे हालता!" मिडफील्डमधून उत्तर आलं.

पहिला गोल झाला तेव्हा आमचा लेफ्ट बॅक ढेकर देत होता. दुसऱ्याला गौरेश वाकला, पण पूर्ण वाकू शकला नाही. तिसऱ्याला वाकला आणि उठू शकला नाही. निखिलने चेंडू जाळ्यात घातला, मग परत येऊन मेव्हण्याला हात देऊन उठवलं, आणि पुढच्या मिनिटाला चौथा घातला! गोलामागे शर्वरी टाळ्या वाजवत होती. कुणासाठी, ते आता मला कळत होतं. पाच-शून्य! बारा वर्षांनी आम्ही खालच्या गटात गेलो. मैदानावरून चालत येताना मला खरंच रडू आलं. लिंबं तशीच उरली होती, ती मी उगाच चोखत राहिलो.

दिवेलागणीला निखिल न्हाऊन पुन्हा आमच्याकडे आला. केळवण राहिलंच होतं त्याचं! पण हंडा रिकामा. बायकोने घाईने भात टाकला आणि तळाला राहिलेलं खतखते गरम केलं. देवाला नमस्कार करून पोर मुकाट जेवायला बसलं. मीच वाढत होतो. माझा राग कुणावर काढावा ते मला कळत नव्हतं.

"सोमवार कधीसून धरलस?" मी विचारलं.

"वर्स होयत इला, काका. तुमी हो म्हणी नाय होतास ना, तेवा आईन सांगला, 'सोमवार धर, लगीन होयसर सोडू नको.' पयल्यांदा उपाशी धावताना चक्कर येय. आता सवय जाली. पोट हलका आसला काय उलट बरा पळूक गावता."

दादा माझ्याकडे बघू लागला. गौरेश बघू लागला. कोपऱ्यात आडवा झालेला सेंटर बॅकही एक डोळा उघडून बघू लागला. मी खाली मान घालून जावयाच्या पानावर भात वाढला.

बारा वर्षं मॅनेजर असून आमच्या एकाही पोराला मी कधी धड पळायला शिकवलं नाही. ज्या एकाला शिकवलं, वर्षभर, दर सोमवारी, न चुकता, तो नेमका पाळीचा निघाला!